आजीचं गोंदण कातडीत उतरत नाही: सावळी त्वचा रेंडर करताना

मखमलाबादी | सोमवार, रात्री १०:२०

माझी आजी ७९ वर्षांची आहे. नाशिकजवळच्या मखमलाबादच्या द्राक्षमळ्यात तिची हयात गेली. छाटणी, विरळणी, खुडणी, सगळं उन्हात. गेले चार महिने मी तिचा चेहरा ब्लेंडरमध्ये, म्हणजे थ्री-डी चित्रं आणि अ‍ॅनिमेशन करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, घडवतेय. शॉट दहाच सेकंदांचा आहे: सकाळी ती पडवीत बसलेली, उन्हाची तिरीप गालावर पडते, ती मान वळवून आपल्याकडे बघते. तेवढंच. पण ती आजी वाटली पाहिजे, आजीसारखी कुणीतरी नको.

आकार जमलाय. अंगणात तिचे साठेक फोटो काढून त्यातून मेश (चेहऱ्याच्या आकाराची थ्री-डी जाळी) केला, मग हाताने साफ केला. नाक, पापण्यांची झोळ, सुटलेले कान, सगळं तिचंच आहे. घोडं अडलंय ते कातडीवर.

पहिल्यांदा इंटरनेटवर मिळालेला तयार स्किन शेडर (कातडीवर उजेड कसा वागेल ते ठरवणारी मांडणी) लावला. आजी मेणाची झाली. कानात कुणी लाल दिवा लावलाय असं दिसायला लागलं. मग वाटलं, हा शेडर गोऱ्या माणसासाठी केलेला असणार, म्हणून बेस कलर गडद करत नेला. मेण गेलं नाही, वर राख फासल्यासारखा करडा रंग आला. आजी काळीसावळी आहे, पण तिच्या रंगात ऊब आहे. ती ऊब कुठेच नाही.

आणि गोंदण. कपाळावर कुंकवाच्या खाली एक उभी रेघ, दोन बाजूंना दोन ठिपके, हनुवटीवर आणखी ठिपके. मी ते टेक्स्चरवर, म्हणजे मेशवर गुंडाळायच्या चित्रावर, हिरवट रंगाने काढले. आता ते कातडीवर चिकटवलेल्या स्टिकरसारखे दिसतात. प्रत्यक्षात ते आतून उमटल्यासारखे आहेत.

सेटिंग लिहिते: सबसरफेसची (कातडीत शिरून पसरणाऱ्या उजेडाची) त्रिज्या लाल १, हिरवा ०.२, निळा ०.१, स्केल ०.०५. रफनेस (जितका जास्त तितकी लकाकी पसरट) सगळीकडे ०.५. टेक्स्चर फोटोंतूनच घेतलंय. रेंडर, म्हणजे शेवटचं चित्र, ब्लेंडरच्या सायकल्स इंजिनमध्ये. कुणी या वाटेने गेलं असेल तर सांगा. मी रोज रात्री बसते, घाई नाही.

छायाप्रकाश | सोमवार, रात्री ११:०५

ताई, आधी माप तपासा. स्केल ०.०५ म्हणजे पाच सेंटीमीटर. त्रिज्येतला लाल १ आहे, म्हणजे तुमच्या आजीच्या गालात शिरलेला लाल प्रकाश पाच सेंटीमीटर लांब पसरतोय. गालातून शिरून नाकापर्यंत पोचतोय तो. मेणबत्तीत असंच होतं, म्हणून मेण दिसतंय.

थोडं मागचं सांगतो, कारण आकडे कुठून येतात ते कळलं की हात घाबरत नाही. आधीच्या शेडरमध्ये प्रकाश जिथे पडला तिथूनच परत फिरायचा. प्लास्टरला, रंगवलेल्या लाकडाला हे चालतं. कातडीत प्रकाश एका जागी शिरतो, आत धडपडतो आणि दुसऱ्याच जागी बाहेर येतो. २००१ साली हेन्रिक वान जेन्सन, स्टीव्ह मार्श्नर, मार्क लेव्हॉय आणि पॅट हॅनरहान यांनी हे गणित हिशोबात बसेल एवढं सोपं केलं. संगमरवर, दूध आणि कातडी एकाच सूत्रात आली. त्यासाठी जेन्सन, मार्श्नर आणि हॅनरहान यांना २००४ मध्ये ऑस्करवाल्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

त्याच निबंधात त्यांनी खऱ्या त्वचेचे मोजलेले आकडे दिलेत. एका नमुन्याच्या आकड्यांवरून हिशोब केला तर लाल प्रकाश साधारण ३.६७ मिलिमीटर पसरतो, हिरवा १.३७, निळा ०.६८. तुमचे पाच सेंटीमीटर आणि हे साडेतीन मिलिमीटर! हेच आकडे सुरुवात म्हणून घाला आणि डोकं खऱ्या मापाचं, बावीस-तेवीस सेंटीमीटर उंच आहे ना ते बघा. माप चुकलं की पुढचं काहीही सुधारत नाही.

निफाडचा_मळा | मंगळवार, सकाळी ६:५०

मला कॉम्प्युटरमधलं कळत नाही, पण वाचताना आमच्या मळ्यातली गोष्ट आठवली. द्राक्षाचा पिकलेला मणी सकाळच्या उन्हाकडे धरा. आतून उजळतो, बी दिसते. पण मण्यावर जी पांढुरकी साय असते ती वेगळीच. ती वरून दिसते, उजेड तिच्यावरच अडतो. बोटाने पुसली की त्या जागी मणी चकाकतो, आतला रंग मात्र तोच राहतो. माणसाच्या कातडीचंही असंच दोन थरांचं असेल असं वाटतं. ताई, आजीला नमस्कार सांगा. द्राक्षाच्या कामातली माणसं आमच्या घरचीच.

छायाप्रकाश | मंगळवार, सकाळी ९:१५

दादा, अगदी बरोबर पकडलंत. आतून येणारा उजेड वेगळा, वरून उसळणारा वेगळा. रेंडरिंगमधला निम्मा घोळ या दोघांना एकत्र कालवल्यामुळे होतो.

मखमलाबादी | मंगळवार, रात्री ९:४०

आकडे घातले. मेण गेलं! कानाच्या पाळीला फक्त कडेला तांबूसपणा राहिला, उन्हात बसल्यावर तिचा खरा कान दिसतो तसा. दोन महिने मी रंग बदलत बसले होते आणि चूक मापात होती.

करडेपणा मात्र तसाच आहे. सावलीतल्या गालावर तर जास्तच. बेस कलर अजून खाली नेला की चेहरा मातीच्या भांड्यासारखा निर्जीव होतो.

त्वचावैद्य | मंगळवार, रात्री १०:३०

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, नाशिकमध्येच. रेंडरिंग माझं क्षेत्र नाही, पण कातडीचा रंग कशाने बनतो ते सांगू शकतो.

सगळ्यात वरचा थर एपिडर्मिस. चेहऱ्यावर तो जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे कागदाच्या एका पानाएवढा. मेलॅनिन, म्हणजे कातडीला गडद करणारं रंगद्रव्य, इथे असतं. त्याखाली डर्मिस, एक ते चार मिलिमीटर, त्यात कोलॅजनचे तंतू आणि रक्तवाहिन्या. गोऱ्या आणि काळ्या माणसात मेलॅनिन बनवणाऱ्या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो त्या पेशी किती मेलॅनिन बनवतात, त्याचे कण किती मोठे आणि कसे पसरलेले, यात. म्हणजे तुमच्या आजीच्या कातडीत खालचं रक्त आणि तंतू इतर कुणासारखेच आहेत, वर फक्त जास्त गडद काच आहे. प्रकाश ती काच ओलांडून आत जातो, तांबूस होतो आणि तीच काच ओलांडून परत येतो.

मेलॅनिन निळा प्रकाश सगळ्यात जास्त शोषतं, लाल सगळ्यात कमी. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा आणि निळा खातं, लाल सोडतं. म्हणून सावळ्या कातडीतली ऊब खरी असते. तळहात बघा: तिथे मेलॅनिन फार थोडं, म्हणून सावळ्या माणसाचेही तळहात उजळ दिसतात. शॉटमध्ये हात येणार असतील तर हे विसरू नका.

छायाप्रकाश | मंगळवार, रात्री ११:२०

डॉक्टर, "तीच काच ओलांडून परत" यातच ताईंच्या करड्या रंगाचं उत्तर आहे.

ताई, तुम्ही रंग गडद करता म्हणजे लाल, हिरवा, निळा या तिन्ही चॅनेलना एकाच आकड्याने गुणता. समजा उजळ कातडी लाल ०.६, हिरवा ०.४, निळा ०.३ आहे. निम्मी केली की ०.३, ०.२, ०.१५. लाल आधीही निळ्याच्या दुप्पट होता, आताही दुप्पटच. उजेड कमी झाला, रंग तोच राहिला, आणि फिकट तांबूस रंग अंधारात करडाच दिसतो.

मेलॅनिन असं वागत नाही. काच जाड झाली की प्रत्येक चॅनेलचा आकडा स्वतःनेच पुन्हा गुणला जातो, म्हणजे गणितातला घात. ढोबळमानाने तेच आकडे वर्ग करून बघा: ०.३६, ०.१६, ०.०९. आता लाल निळ्याच्या चौपट. गडद झाला आणि तांबूसही झाला. नोडमध्ये (शेडर जोडायच्या चौकोनांत) गुणाकाराच्या जागी पॉवर, म्हणजे घात, लावा, घातांक हाच तुमचा मेलॅनिनचा नळ. हे सगळं लिनिअर रंगात (जिथे आकडा खऱ्या उजेडाच्या प्रमाणात असतो) करायचं, स्क्रीनवर दिसणाऱ्या आकड्यांवर नाही. आकडे समजावण्यापुरते घेतलेत, आजीचे तुम्हाला मोजून काढावे लागतील.

अर्थात ही निम्मी राख. उरलेली राख रफनेसमध्ये आहे. त्याबद्दल उद्या लिहितो, आज एक डेडलाइन आहे.

शाडूमाती | बुधवार, दुपारी १:१०

आम्ही गणपती करतो, आजोबांपासून. वर्गबिर्ग मला येत नाही, पण काळा मिसळून सावळा रंग होत नाही हे आमच्याकडे पहिल्या वर्षी शिकवतात. नवीन मुलगा अंगाच्या रंगात काळा घालतो आणि मूर्ती आजारी दिसते. आधी पांढऱ्याचा हात, त्यावर अंगाचा रंग, मग गडद करायचं तर तपकिरीत तांबडा घेऊन पातळ थर स्प्रेने मारत जायचं. खालचा उजळ थर वरच्यातून जाणवला पाहिजे. कान, बोटांची टोकं, गुडघे, नाकाचा शेंडा, इथे थोडा लाल जास्त. डोळ्यांची आखणी शेवटी. अंगात जीव आलेला नसेल तर आखणी कितीही चांगली करा, मूर्ती बघत नाही.

उत्तरमार्ग | बुधवार, दुपारी ३:४५

इतका खटाटोप कशासाठी? २०२१ पासून मेटाह्युमन आहे, तयार डिजिटल माणसं बनवायचं साधन. तासाभरात चेहरा तयार होतो, त्वचेचा रंगही निवडता येतो. वेळ गोष्टीवर घालवा, कातडीवर नको.

मखमलाबादी | बुधवार, रात्री ९:०५

मी ते वापरून पाहिलंय आणि फार चांगलं आहे. गर्दीतली माणसं करायची असती तर तेच घेतलं असतं. पण मला एकच माणूस करायचाय. तिच्या उजव्या गालावर एक डाग आहे, लहानपणी चुलीजवळ भाजलेला. तिथे कातडी वेगळी चमकते. ऐंशी वर्षं उन्हात राहिलेली कातडी स्लायडरवर कुठे मिळणार? माझी गोष्टच ती कातडी आहे.

छायाप्रकाश | बुधवार, रात्री १०:००

आणि एक गोष्ट लक्षात घ्या. या क्षेत्रातली बरीच संशोधनं कुठल्या कातडीवर झाली? येल विद्यापीठाचे प्राध्यापक थिओडोर किम यांनी २०२० मध्ये सायंटिफिक अमेरिकनमध्ये लिहिलं होतं की ज्याला आपण "माणसाची त्वचा" म्हणून गणितात बसवलं ती मुख्यतः गोरी, कोवळी त्वचा होती. आतून उजळणं हा त्या कातडीचा ठळक गुण, म्हणून सगळी मेहनत त्यावर गेली. गडद त्वचेत वरची लकाकी जास्त बोलते. तिच्याकडे त्या मानाने कमी लक्ष गेलं.

आता कालची राहिलेली राख. कातडीचा अपवर्तनांक (आत शिरताना प्रकाश किती वळतो त्याचा आकडा) साधारण १.४ धरतात. त्यावरून समोरून पडलेल्या प्रकाशातला २.८ टक्के पृष्ठभागावरूनच उसळतो. हा हिस्सा गोऱ्या माणसाला तेवढाच, सावळ्याला तेवढाच, कारण तो मेलॅनिनपर्यंत पोचतच नाही. पण आतून येणारा उजेड गोऱ्या गालावर ४५ टक्के असेल तर हे २.८ त्याच्या सोळाव्या हिश्शाएवढे. आतून १० टक्केच येत असेल तर चौथ्या हिश्शाहून जास्त! म्हणजे गोऱ्या चेहऱ्यावर लकाकी चुकली तर चालून जातं. सावळ्या चेहऱ्यावर चुकली तर चेहराच चुकला.

तुमचा रफनेस सगळीकडे ०.५ आहे. त्यामुळे आकाशाचा निळसर पांढरा उजेड अख्ख्या चेहऱ्यावर पातळ पसरतो. तीच राख. खऱ्या चेहऱ्यावर कपाळ आणि नाक तेलकट, तिथे लकाकी आटोपशीर आणि तेज. गालाचा खळगा कोरडा, तिथे मंद. मला तरी आजीच्या शॉटचा आत्मा रफनेस मॅपमध्ये, म्हणजे जागोजागचा रफनेस सांगणाऱ्या चित्रात, आहे असं वाटतं.

गोदाकाठ | बुधवार, रात्री १०:४०

हे वाचून एक जाणवलं. आपल्या बोलण्यात ही दोन खाती आधीपासूनच वेगळी आहेत. गव्हाळ, निमगोरा, सावळा, काळासावळा हे आतले रंग. नितळ, तुकतुकीत, खरबरीत, सुरकुतलेला हे वरचे पोत. "सावळा पण तुकतुकीत" असं आपण सहज म्हणतो, म्हणजे दोन्ही स्वतंत्र नळ आहेत हे भाषेला माहीत आहे. "रापलेला" हा एकच शब्द दोन्हीकडे जातो: उन्हाने रंग चढला आणि पोतही बदलला. ताई, तुमची आजी बहुतेक रापलेली आहे. तो शब्द समोर ठेवून दोन्ही मॅप एकत्र बघा.

नाशिकरोडकर | गुरुवार, सकाळी ८:२०

माझे वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. नोटेवरचा किंवा तिकिटावरचा कोरलेला चेहरा भिंगातून बघायची सवय त्यांच्यामुळे लागली. तिथे रंग एकच, फक्त रेघा आणि ठिपके. तरी गाल मऊ दिसतो आणि कपाळ टणक. कारण रेघ चेहऱ्याच्या गोलाईबरोबर वळते. गाल जिथे उजेडात विरतो तिथे रेघ तुटून ठिपके होतात.

तुमच्या कामात याचा उपयोग एवढाच: कातडीवरच्या बारीक रेषांनाही दिशा असते. मनगटाची आतली बाजू भिंगाखाली बघा, जाळी एका बाजूला ताणलेली दिसेल. तयार मिळणारा पोताचा नमुना सगळीकडे सारखा फिरवला की चेहरा संत्र्याच्या सालीसारखा होतो.

पंचवटी_फोटो | गुरुवार, दुपारी १२:३०

ताई, तुमच्या टेक्स्चरमध्येच गडबड आहे असा मला संशय आहे. अंगणात, उघड्या आकाशाखाली काढलेल्या फोटोत लकाकी छापली गेलेली असते. मग शेडर त्यावर पुन्हा लकाकी चढवतो. दोनदा तेल लावल्यासारखं.

यावर उपाय आहे आणि तो महाग नाही. फ्लॅशवर पोलरायझरची (एकाच दिशेने कंप पावणारा उजेड सोडणारी) फिल्म लावायची आणि लेन्सवर पोलरायझर फिल्टर. पृष्ठभागावरून उसळलेला उजेड आपली ध्रुवता (कंपनाची दिशा) राखतो, आत जाऊन धडपडून आलेला ती हरवून बसतो. दोन्ही पोलरायझर काटकोनात आणले की लकाकी पूर्ण गायब होते, फक्त आतला रंग उरतो. समांतर आणले की लकाकी अधिक आतला रंग. एकातून दुसरा वजा करा, निव्वळ लकाकी हातात येते. पॉल डेबेवेक यांच्या गटाने २००७ मध्ये हेच तत्त्व त्यांच्या लाइट स्टेजवर (माणसाभोवती दिव्यांचा गोल) वापरून चेहऱ्यावरचे अतिसूक्ष्म उंचवटे मोजले होते. आपल्याला एक फ्लॅश आणि ट्रायपॉड पुरे.

काटकोन जमला का हे कसं ओळखायचं? आजीच्या डोळ्यातला फ्लॅशचा चमकता ठिपका बघत फिल्टर फिरवा. ठिपका विझला की थांबा. खोलीत अंधार करा, दुसरा उजेड नको. दोन पोलरायझर बराच उजेड खातात, त्यामुळे फ्लॅश जोरात ठेवा.

अजून एक. मिळालेल्या फोटोचे तीन चॅनेल वेगळे करून बघा. लाल चॅनेल नितळ असतो, निळ्यात प्रत्येक डाग आणि सुरकुती दिसते, कारण लाल आत लांबवर पसरून येतो आणि निळा लगेच परततो. आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या काळच्या फिल्मला लाल जवळपास दिसतच नसे. त्यामुळे सावळे चेहरे पडद्यावर आणखी काळे आणि ओठ काळेशार यायचे. म्हणजे ती फिल्म कातडीचा निळा-हिरवा हिस्साच बघत होती. पोत शोधायचा तर तुम्हीही निळा चॅनेल घ्या.

फिल्म आणि फिल्टर माझ्याकडे आहेत. या आणि घेऊन जा.

मखमलाबादी | रविवार, रात्री ८:१५

दादा, खूप आभार. आज आजीचे फोटो काढले. माजघरात पडदे ओढून, खाटेवर बसवून. तिला आधी वाटलं डोळे तपासायचेत.

काटकोनातला पहिला फोटो कॅमेऱ्यावर आला आणि मी बघतच राहिले. लकाकी नसलेला आजीचा रंग मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. इतका तांबूस! कपाळ पिवळसर, गाल आणि नाक लालसर, डोळ्यांभोवती जांभळट. मी चार महिने एकच तपकिरी घेऊन बसले होते.

एक गोष्ट मात्र कळली नाही. सकाळी तिने तोंड धुतलं तेव्हा कातडी पांढुरकी दिसत होती, उललेली. दुपारी खोबरेल चोळलं तर तीच कातडी गडद आणि गहिरी झाली. रंग तर बदलला नाही ना?

त्वचावैद्य | रविवार, रात्री ९:००

रंग बदलला नाही. आपल्याकडच्या थंडीत कातडी उलते तेव्हा वरच्या मृत पेशींच्या खपल्या थोड्या सुटतात आणि त्यांच्यामध्ये हवा शिरते. हवा आणि पेशी यांच्या सीमेवर प्रकाश पुन्हा पुन्हा परावर्तित होतो, म्हणून पांढुरकं दिसतं. तेल त्या फटी भरतं. तेलाचा आणि पेशीचा अपवर्तनांक जवळजवळ असल्याने प्रकाश न अडता आत जातो. ओली माती गडद दिसते तसंच काहीसं. सावळ्या कातडीवर हा फरक जास्त ठळक असतो, कारण खाली गडद पार्श्वभूमी आहे.

तुमचा शॉट सकाळचा आहे ना? मग तेल लावण्याआधीची कातडी की नंतरची, हे ठरवावं लागेल.

मखमलाबादी | रविवार, रात्री ९:२५

आधीची. ती आंघोळीनंतर पडवीत येऊन बसते आणि तेलाची वाटी शेजारी असते. वाटीही ठेवते मग शॉटमध्ये.

आता गोंदण. काटकोनातल्या फोटोत ते आणखी स्पष्ट दिसतंय, निळसर हिरवं. मी तोच रंग उचलून लावला, तरीही स्टिकरच.

त्वचावैद्य | रविवार, रात्री १०:१०

कारण तो रंग शाईचा नाहीच. जुनं गोंदण काजळीने करत, म्हणजे शाई काळी. सुई ती डर्मिसमध्ये सोडते, एक-दोन मिलिमीटर खोल. तिथल्या पेशी ते कण गिळतात आणि धरून बसतात, म्हणून गोंदण आयुष्यभर टिकतं. वरचा थर दर महिन्याभरात नवा होतो, शाई तिथे असती तर केव्हाच गळून गेली असती.

निळसर का दिसतं? लाल प्रकाश खोल जातो, काजळीपर्यंत पोचतो आणि तिथे संपतो. निळा त्याआधीच वरच्या तंतूंवरून विखरून परत येतो. मनगटावरच्या शिरा निळ्या दिसतात त्यामागेही असंच कारण आहे, रक्त निळं नसतं. त्यावर आजीच्या मेलॅनिनची पिवळी-तपकिरी काच आहे, म्हणून निळ्याचं हिरवट होतं. साठ-सत्तर वर्षांत कण थोडे सरकतात, कडा विरघळतात.

छायाप्रकाश | रविवार, रात्री १०:५०

डॉक्टरांनी नोडचा क्रमच सांगितला. ताई, असं करा:

तळाला डर्मिसचा रंग घ्या, मेलॅनिन काढून टाकलेला, तांबूस. त्यावर गोंदणाचा मास्क, पण कडा मऊ करून आणि लाल चॅनेलमध्ये सगळ्यात जास्त मऊ. मास्कच्या जागी लाल जोरात कमी करा, हिरवा थोडा, निळा अगदी किंचित. मग या सगळ्यावर मेलॅनिनची काच चढवा. हिरवा रंग कुठेही रंगवायचा नाही, तो आपोआप आला पाहिजे. आला नाही तर मेलॅनिनचा घातांक चुकलाय असं समजा. एका अर्थी गोंदण हीच तुमच्या कातडीची परीक्षा.

गोंदणाच्या जागी सबसरफेसची त्रिज्याही थोडी कमी करा, कारण तिथे लाल फार लांब जाऊ शकत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: रफनेस आणि बम्पमधून (उंचवटे-खळगे दाखवणारा मॅप) गोंदण पूर्ण पुसा. तुमचे मॅप फोटोच्या उजेड-अंधारावरून काढलेले आहेत, त्यामुळे गडद ठिपका म्हणजे खळगा असं सॉफ्टवेअरने मानलं असणार. स्टिकरची कड तिथून येते. वरच्या कातडीला खाली गोंदण आहे हे माहीतच नाही. लकाकी त्यावरून सरळ वाहत गेली पाहिजे.

शाडूमाती | सोमवार, दुपारी १२:००

शेवटचं वाक्य लिहून ठेवलं. आम्ही गणपतीच्या कपाळावर गंध काढतो ते वर बसतं, आणि बसलंच पाहिजे, ते लावलेलं असतं. गोंदण लावलेलं नसतं. ताई, आजीच्या कुंकवाचं मात्र उलटं करा. ते खरंच वर आहे, कोरडी पूड आहे, त्यावर लकाकी नको.

मखमलाबादी | गुरुवार, रात्री ११:३०

बम्प मॅप उघडून पाहिला. ठिपक्यांच्या जागी खरंच खळगे होते. पुसले.

नोड तुम्ही सांगितले तसे लावले. पहिल्या रेंडरला गोंदण जांभळं आलं. मेलॅनिनचा घातांक वाढवत नेला, काटकोनातल्या फोटोतल्या गालाशी जुळेपर्यंत. गाल जुळला आणि त्याच क्षणी गोंदण हिरवट झालं, मी त्याला हात न लावता. रात्रीचा एक वाजला होता, मी उठून आईला उठवलं.

रफनेस मॅप अजून पूर्ण नाही. कपाळ आणि नाक झालं, भाजल्याचा डाग झाला, तिथे पोताची जाळी काढून टाकली आणि लकाकी तेज ठेवली. ४०९६ पिक्सेलचा मॅप २५ सेंटीमीटरवर पसरलाय, म्हणजे एक पिक्सेल ०.०६ मिलिमीटर. गालाला पुरतो, ओठांच्या चिरांना पुरत नाही. मानेवरची कातडी तर अजून जुनीच आहे. नाशिकरोडकर काका, रेषांची दिशा आता हाताने फिरवतेय, डोळ्यांच्या कोपऱ्यापासून कानाकडे.

आज संध्याकाळी आजीला दाखवलं. तिने चष्मा लावला, बराच वेळ बघितलं. कातडीबद्दल काही बोलली नाही. म्हणाली, "हनुवटीवर तीन ठिपके हायेत. तू दोनच काढलेत. तिसरा माझ्या आत्तीनं गोंदवला व्हता, वणीच्या जत्रंत."

मी टॉर्च घेऊन पाहिलं. ओठाखालच्या सुरकुतीत, आत दडलेला. कातडी ताणली तेव्हा दिसला, फार फिकट. साठ फोटोंत आणि रविवारच्या फोटोंतही तो कुठेच आलेला नाही.

तर पंचवटीवाले दादा, सुरकुती ताणून जवळून फोटो काढायचा तर मॅक्रो लेन्स लागेल का? आणि छायाप्रकाश, ती मान वळवते तेव्हा ही सुरकुती थोडी उघडते. तेवढ्या चार-पाच फ्रेममध्ये तो ठिपका दिसला पाहिजे.

पंचवटी_फोटो | शुक्रवार, सकाळी ७:४०

मॅक्रो लागेल. माझी शंभर एमएमची आहे, शनिवारी दुकानावर या. एकटीने नाही जमणार, कुणाला तरी हनुवटी धरायला सांगा आणि टॉर्च बंद ठेवा.

छायाप्रकाश | शुक्रवार, सकाळी १०:०५

ठिपका टेक्स्चरवर सुरकुतीच्या तळाशीच ठेवा, मिटलेल्या स्थितीत तो झाकलेलाच राहू द्या. सुरकुतीसाठी एक शेप की (मेशचा बदललेला आकार साठवून ठेवणं) करा, मान वळण्याला जोडा. उघडताना तिथली कातडी ताणते, म्हणून त्या चार-पाच फ्रेमपुरता रफनेस किंचित कमी करा. ताणलेली कातडी जास्त चमकते. फाइल पाठवा, शेप की मी बघतो.